घरातला प्रिंटर की कोपऱ्यावरचं झेरॉक्स?

डोंबिवलीत दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्या एक आत्या आणि ठाण्यात आयटी सपोर्टची नोकरी करणारा त्यांचा भाचा यांच्यात सध्या एकाच गोष्टीवरून जुंपली आहे. घरात ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर घ्यावा की नाही? छपाई, स्कॅन आणि कॉपी करणारा, वायफायवर चालणारा, परवडणारा. आत्यांना तो हवा आहे. भाचा नको म्हणतो. प्रिंटर कळत नाहीत म्हणून तो नको म्हणतो असं नाही, जरा जास्तच कळतात म्हणून.

"सर्व्हर महिनोन्‌महिने गपगुमान चालतात," तो म्हणतो. "रोज रडतो तो प्रिंटर. त्या रिचर्ड स्टॉलमनचंच बघ ना."

हा स्टॉलमन कोण, हे आत्यांनी विचारणं ओघानं आलंच. १९८०च्या सुमाराची गोष्ट. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो नेटवर्कवर होता आणि माणसं बसायची दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे कागद अडकला तरी कुणाला पत्ता लागत नसे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने स्वतः बदल करून ठेवला होता. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्याचा सोर्स कोड मात्र मागूनही मिळाला नाही. हा राग त्याच्या मनात राहिला आणि १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे प्रिंटरवरचा वैताग होता असं भाचा छातीठोकपणे सांगतो. त्यामागे इतरही कारणं होती, पण स्टॉलमन स्वतःही हा किस्सा आवर्जून सांगत आला आहे.

"म्हणजे नेटवर्कवरच्या प्रिंटरमधून काहीतरी चांगलंही निघालं की," आत्या म्हणाल्या आणि वही पुढे ओढली.

हिशेब भाच्यानेच मांडला. शिकवणीला २२ मुलं. आठवड्याला एक सराव प्रश्नपत्रिका, चार पानांची. म्हणजे ८८ पानं, महिन्याची साधारण ३५०. दुकानात एक प्रत प्रिंट करून बाकीच्या झेरॉक्स काढल्या की पानामागे दीड रुपया पडतो. घरी काय पडेल? ५०० कागदांचं रीम तीनशेच्या आसपास, म्हणजे कागदाचे साठ पैसे. शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरची काळी बाटली हिशेबात घेतली, तर एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ४,५०० पानं निघतात असं कंपनी सांगते. बाटली चारशेला धरली तरी पानाला नऊ पैसे. वाया जाणारी पानं धरून सगळे मिळून पाऊण रुपया. दर पानामागे वाचले पंचाहत्तर पैसे.

"महिन्याचे वाचले दोनशे बासष्ट. चौदा हजारांचा प्रिंटर वसूल व्हायला साडेचार वर्षं लागतात, आत्या. त्यात मे महिना, गणपती, दिवाळी वजा कर. पाच वर्षांच्या वर गेलीस तू. आणि ते ४,५०० पण प्रयोगशाळेतले, एकापाठोपाठ एक पानं काढून मोजलेले. आज चार, परवा सहा अशी काढलीस तर तेवढी निघणार नाहीत."

यावर चार-पाच हजारांचा कार्ट्रिजवाला प्रिंटर घेण्याचा मुद्दा आत्यांनी काढून पाहिला. तिथे तर भाच्याने हातच जोडले. छोट्या काळ्या कार्ट्रिजमधून शंभर-सव्वाशे पानं निघतात आणि शाईचेच पानाला पाच-सात रुपये पडतात. यंत्र जवळजवळ पदरमोड करून विकायचं आणि कमाई शाईवर करायची, हा या धंद्याचा जुना रिवाज. एचपीचा थिंकजेट १९८४ साली बाजारात आला, तेव्हापासून घरगुती इंकजेट याच वाटेनं गेला. गिऱ्हाइकांनी स्वस्त शाई शोधली की कंपन्या दार लावून घेतात. सप्टेंबर २०१६मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्यांनी बनवलेली कार्ट्रिजं एकाएकी नाकारायला सुरुवात केली. प्रोग्रॅम आधीच बदललेला होता. पुढे इटलीच्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२०मध्ये अशा वागण्यासाठी कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला.

टाकीवाल्या प्रिंटरची कथा मात्र आपल्याला जास्त जवळची वाटावी अशी आहे. आग्नेय आशियात लोक प्रिंटरच्या कुशीला बाहेरून बाटल्या टांगून, नळ्या आत सोडून शाई भरत असत. आपल्याकडेही इंजेक्शनच्या सिरिंजने कार्ट्रिज भरून देणारे गल्लोगल्ली होतेच. हा जुगाड थांबत नाही म्हटल्यावर एप्सनने २०१०मध्ये इंडोनेशियात टाकीवाले प्रिंटर आणले, आणि पुढे कॅनन व एचपीही त्याच रांगेत येऊन उभे राहिले. यंत्र महाग, शाई स्वस्त. सगळा हिशेबच उलटा झाला. कंपन्यांनी गिऱ्हाइकापुढे हात टेकल्याची अशी उदाहरणं थोडी.

"बरं, आता माझं ऐक," आत्या म्हणाल्या. "तुझ्या हिशेबात ब्राझील नाही."

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवायचे असतात. प्राकृतिक रचना, पर्जन्य, लोकसंख्या, सगळे नकाशे रंगीत. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ॲमेझॉनचं खोरं आणि उच्चभूमी एकाच राखाडी रंगाची दिसतात आणि सूची वाचता येत नाही. दुकानात रंगीत पान दहा रुपयांना, म्हणून आत्या आजवर एकच प्रत काढून वर्गात फिरवत आल्या. घरी रंगीत पान कागदासकट दोन रुपयांना धरलं आणि महिन्याला तीस पानं काढली, तर आणखी दोनशे चाळीस वाचतात. पाच वर्षांची मुदत सव्वादोन-अडीच वर्षांवर आली. भाच्याने आकडे पुन्हा तपासले आणि मान्य केले. मग मात्र त्याने आपला खरा पत्ता टाकला.

"वापरलास तर. इंकजेट वापरल्यानं बिघडत नाही, पडून राहिल्यानं बिघडतो."

हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीत. इंकजेटच्या हेडवर केसाहून बारीक छिद्रं असतात. त्यातून उडणारा थेंब काही पिकोलिटरचा, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. कॅनन आणि एचपी शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या धक्क्यानं थेंब उडवतात. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली, तिथून त्यांना ही युक्ती सुचली. एप्सन आणि ब्रदर विजेच्या दाबानं आकार बदलणारा स्फटिक वापरतात. पद्धत कोणतीही असो, शाईत मुख्यत्वे पाणी असतं आणि पाणी उडून जातं. तीन-चार आठवडे पान निघालं नाही की छिद्राच्या तोंडाशी शाई घट्ट होते. मग नकाशातल्या निळ्या समुद्रावर पांढऱ्या आडव्या रेघा येतात.

उपाय म्हणून 'हेड क्लीनिंग' चालवायचं, तर प्रिंटर टाकीतली चांगली शाई हेडमधून खेचून पोटातल्या एका स्पंजच्या गादीत ओततो. त्या गादीचा हिशेब यंत्र ठेवत असतं. ती भरली असं त्याला वाटलं की छपाई बंद. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने २०१७ साली एप्सनविरुद्ध तक्रार केली, तिच्यात ही गादी होती आणि शाई उरलेली असताना कार्ट्रिज संपल्याचं दाखवणंही होतं. आता काही मॉडेलांत ही गादी घरच्या घरी बदलता येते, तर स्वस्तातल्या अनेकांत सेवा केंद्र गाठावं लागतं. शिवाय कार्ट्रिजवाल्या स्वस्त प्रिंटरांत बहुधा कार्ट्रिजबरोबर हेडही बदलतं. टाकीवाल्यांपैकी एप्सनसारख्यांत हेड यंत्रातच बसवलेलं असतं. ते गेलं की प्रिंटर गेल्यात जमा.

इथेच भाच्याने एक बारीक गोष्ट सांगितली आणि आत्या पहिल्यांदा गप्प झाल्या. मराठी घरात रात्री झोपताना बोर्डावरची बटणं बंद करायची सवय असते. टीव्ही, मिक्सर, गिझर, सगळं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला की तो कुरकुरत हेड उजव्या कोपऱ्यात नेतो आणि रबरी टोपीवर टेकवून बसवतो. हवा लागत नाही, शाई ओली राहते. ऐन छपाईच्या मध्ये बोर्डाचं बटण खटकन बंद केलं, किंवा वीजच गेली, तर हेड वाटेतच उघडं अडकतं. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचं.

"हे त्या दुकानदारानं सांगितलं असतं तर मागचा वाचला असता," आत्या म्हणाल्या. मागचा म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा, कपाटाच्या माथ्यावर चादरीत गुंडाळलेला. तो एका डेस्कटॉपला वायरीनं बांधलेला होता. डेस्कटॉप गेला, घरात लॅपटॉप आणि फोन आले, आणि प्रिंटरला पान मागणारं कुणी उरलं नाही. शाई आतल्या आत वाळली.

आणि नेमका हाच त्यांचा प्रतिवाद होता. "मे महिन्यात शिकवणी बंद असते, कबूल. पण घरात मी एकटी आहे का? तुझे काका सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्या नोटिसा बारमाही. ताईचं कॉलेज. आणि आजींना विष्णुसहस्रनाम मोठ्या अक्षरात हवं असतं, चष्मा न लावता दिसेल असं. तो वायरीवरचा प्रिंटर माझा होता, म्हणून मेला. हा सगळ्यांच्या फोनवर दिसला तर पडून कसा राहील?"

घरातल्या नेटवर्कचा खरा फायदा इथे आहे, सोय ही नंतरची गोष्ट. चार माणसं मागणारी असली की आठवड्याला एखादं रंगीत पान आपोआप निघतं, आणि इंकजेटला तेवढंच हवं असतं. वायफायसाठी हजार-दोन हजार जास्त मोजताना लोक केबलची कटकट वाचते एवढंच पाहतात. प्रत्यक्षात ते हेडचं आयुष्य विकत घेत असतात.

भाचा हे नाकारत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की नेटवर्क म्हणजे फुकटचा नोकर नव्हे. पहिला अडसर बसवतानाच येतो. स्वस्त प्रिंटरांना बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचंच वायफाय कळतं. हल्लीचे ब्रॉडबँडचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावानं दाखवतात. फोन ५ वर, प्रिंटर शोधतोय २.४, आणि बसवायचं ॲप 'प्रिंटर सापडला नाही' एवढंच म्हणतं. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींची नावं वेगळी केली की काम होतं. पाहुण्यांसाठी वेगळं केलेलं वायफाय असेल तर त्यावर प्रिंटर घालायचा नाही, कारण त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

दुसरा अडसर दोन महिन्यांनी येतो. "वीज जाते, येते. राउटर नव्यानं पत्ते वाटतो. काल प्रिंटर १९२.१६८.१.७ होता, आज ९ झाला. लॅपटॉप बिचारा ७ चं दार वाजवत बसतो आणि 'ऑफलाइन' म्हणतो. मग तू मला रविवारी सकाळी फोन करणार."

"मग तो पत्ता कायमचा नाही करता येत?"

येतो. राउटरमध्ये प्रिंटरचा मॅक क्रमांक टाकून एक पत्ता राखून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, पण ते सांगणारं कुणी नसल्यानं कितीतरी धडधाकट प्रिंटर लोकांनी बिघडले म्हणून दुकानात नेले असतील.

इंटरनेट आणि घरचं नेटवर्क यांतली गल्लतही आत्यांच्या डोक्यात होती, जशी ती बहुतेकांच्या असते. नेट गेलं तर प्रिंट निघणार नाही असं त्या धरून चालल्या होत्या. भाच्याने राउटरची बाहेरून येणारी फायबरची वायर काढून दाखवायची तयारी दाखवली. राउटर चालू असला की फोन आणि प्रिंटर घरातल्या घरात बोलतात. ॲपलने २०१०मध्ये एअरप्रिंट आणलं, कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३मध्ये मोप्रिया नावाची आघाडी काढली. त्यानंतर फोनला प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागेनासा झाला. प्रिंटर 'मी इथे आहे' अशी नेटवर्कवर हाळी देतो आणि फोन ती ऐकतो. उलट जे ढगावर अवलंबून होतं ते कोसळलं. गूगलने २०१०मध्ये सुरू केलेली क्लाउड प्रिंट ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केली आणि तिच्याच भरवशावर छापणाऱ्यांना दुसरी वाट शोधावी लागली. म्हणून भाच्याची पहिली अट: एअरप्रिंट आणि मोप्रिया दोन्ही लिहिलेलं असेल तरच घ्यायचा. कंपनीच्या खात्यात नाव नोंदवल्याशिवाय किंवा इंटरनेट जोडल्याशिवाय चालणार नाही अशी अट असलेला प्रिंटर घ्यायचाच नाही. दुसरी अट: घराबाहेरून छापता यावं म्हणून राउटरमध्ये भोक पाडायचं नाही. २०१८च्या अखेरीस असेच उघडे राहिलेले हजारो प्रिंटर जगभर आपोआप एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात छापू लागले होते.

आत्यांचा यावरचा मुद्दा वेगळाच होता, आणि त्यात भाच्याला फारसं बोलता आलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात काय होतं? भिंतीवर एक मोबाईल नंबर चिकटवलेला. त्यावर फाइल पाठवायची. संगणकावर व्हॉट्सॲप उघडंच असतं, फाइल डाउनलोडमध्ये उतरते. तिथे आधीच शंभर जणांची आधार कार्डं, पॅन कार्डं, गुणपत्रिका, भाडेकरार पडलेले. ई-आधारला पासवर्ड असतो, पण तो दुकानात मोठ्यानं सांगावा लागतो, आणि नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं व जन्मसाल हे सूत्र दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या आधी ठाऊक. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या प्रती कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार वापरा, असं पत्रक काढलं. गोंधळ उडाल्यावर केंद्राने ते दोनच दिवसांत मागे घेतलं. पण सायबर कॅफेसारख्या ठिकाणी ई-आधार उतरवलंच, तर ती फाइल तिथून पुसून टाका, ही सूचना त्या पत्रकात होती आणि ती शहाणपणाची होती. आजवर दुकानात कुणी फाइल पुसून मगच बाहेर पडल्याचं आत्यांनी पाहिलेलं नाही.

"स्कॅनचं तेच," त्या पुढे म्हणाल्या. "फोननं फोटो काढला की वरचं टोक अरुंद, खालचं रुंद, आणि मध्ये माझ्याच हाताची सावली."

फोनवरच्या स्कॅनर ॲपांनी हे बरंच सुधारलं आहे, हे भाच्याने सांगितलं. पण त्यातलं सगळ्यात चालणारं कॅमस्कॅनर जून २०२०मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांच्या यादीत गेलं, हेही त्यालाच सांगावं लागलं. सपाट काचेवर ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं ए-फोर पान साधारण २,४८० बाय ३,५०८ ठिपक्यांचं येतं. सातबारा असो की शाळा सोडल्याचा दाखला, अक्षर न्‌ अक्षर वाचता येतं. अर्जाच्या वेबसाइटला फाइल काही शे केबीत हवी असली, तर ती लहान करता येते. धूसर फोटो मात्र नंतर स्पष्ट करता येत नाही. जाड पुस्तकाचं मात्र या स्वस्त स्कॅनरवर जमत नाही. काचेपासून किंचित वर उचललेला भाग, म्हणजे शिवणीजवळच्या ओळी, पुसट येतात.

एक अडचण दोघांच्याही यादीत नव्हती, ती बोलता बोलता निघाली. आत्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत. ते युनिकोड नव्हे. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर फाइल उघडली की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि फोनवरून प्रिंट दिली तर तोच चिवडा बावीस प्रती निघणार. फॉन्ट असलेल्या जुन्या लॅपटॉपवरून एकदा पीडीएफ करून ठेवायची, फॉन्ट पीडीएफमध्येच गाडला जातो, मग कुठूनही छापा. पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. हे काम आपण करून देऊ, असं भाचा बोलून गेला आणि बोलल्यावर त्याला उमगलं की आपण वाद हरत चाललो आहोत.

तरी त्याने शेवटचा पर्याय काढलाच. काळा-पांढरा लेझर घे, टोनर वाळत नाही. नकाशे दुकानात काढ. वरवर पाहता हे सगळ्यात शहाणपणाचं दिसतं, आणि महिनोन्‌महिने एकही पान न काढणाऱ्या घराला खरोखर तेच योग्य आहे. लेझरचं अक्षर पावसातही पुसत नाही. इंकजेटच्या साध्या शाईत छापलेलं हॉल तिकीट जुलैत परीक्षा केंद्रापर्यंत कोरडं न्यावं लागतं. पण लेझर कागदावर टोनर वितळवायला दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि तेव्हा शेकड्यांनी वॅट ओढतो. घरचा छोटा इन्व्हर्टर त्याला कुरकुरतो. इंकजेटला छापताना दहा-पंधरा वॅट पुरतात.

"आणि ब्राझील?" आत्या म्हणाल्या.

आता वाद उरला आहे तो दोन्ही बाजूंनी छापण्याचा. आपोआप पान उलटणारा प्रिंटर आणखी काही हजारांनी महाग आहे आणि भाच्याच्या मते ते पैसे फुकट जाणार नाहीत. हातानं उलटायचं तर आधी विषम पानं छापायची, गठ्ठा फिरवून पुन्हा घालायचा, मग सम. पावसाळ्यात दमट झालेले दोन कागद एकदम ओढले गेले की पुढचा सगळा क्रम एकानं सरकतो. आत्यांनी वहीत नवा आकडा मांडला आहे. कागद दोन्ही बाजूंनी वापरला तर पानामागे कागदाचे साठ नव्हे तीस पैसे पडतात आणि वसुली तेवीस महिन्यांवर येते. महागडं मॉडेल घेतलं की ती पुन्हा अडीच वर्षांच्या पुढे सरकते. एका वेळी पाचच प्रती काढीन, रीम प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवीन आणि पानं उलटायला शिकवणीतली दोन पोरं बसवीन, असं त्यांचं म्हणणं. भाचा म्हणतो, पोरं प्रश्नपत्रिका आधीच वाचतील.